पोट लहान झालं... पुढे काय?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टर सांगतात ते एक. ते ऑपरेशन करून घेतलेली माणसं एकमेकांना सांगतात ते दुसरं. बंगळुरूतल्या एका बैठकीत ऐकलेल्या या दुसऱ्या गोष्टी.

हॉस्पिटलच्या तळघरातला हॉल. पंचवीस-तीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळ्या बिनहाताच्या. हे मुद्दाम केलेलं. हाताच्या खुर्चीत अडकून बसायचं आणि उठताना खुर्चीही सोबत उठायची, हा अनुभव इथे जमलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या गाठीशी आहे. शनिवारची दुपार आहे, बैठक आहे, पण कोपऱ्यातल्या टेबलावर चहा-बिस्किटं नाहीत. एका पिंपात मज्जिगे, म्हणजे आपलं ताक, आणि शेजारी खेळण्यातले वाटावेत एवढाले स्टीलचे पेले. तो एवढासा पेला संपवायला लोक दहा-दहा मिनिटं घेतात. घाई कुणालाच नाही.

पहिला प्रश्न एका बाईंनी कानडीत विचारला. शेजारच्या मुलीने मला तो हिंदीत सांगितला. पुढच्या आठवड्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. केळीच्या पानावर सतरा पदार्थ वाढतात. पान तसंच टाकून उठले तर लोक काय म्हणतील? आणि सगळं खाल्लं तर माझं काय होईल?

समोर आहारतज्ज्ञ बसल्या होत्या, त्यांनी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून उत्तर आलं. ‘तुम्ही वाढायला उभ्या राहा. वाढणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, तू जेवलीस का म्हणून!’

हॉलमध्ये हशा पिकला. बाईंनी ते उत्तर वहीत लिहून घेतलं.

या बैठकीला मी गेले ती माझ्या मावसबहिणीचं बोट धरून. ताई मूळची पुण्याची, लग्नानंतर वीस वर्षं बंगळुरूच्या जयनगरमध्ये. दोन वर्षांपूर्वी तिने वजनाचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हा ती ४४ वर्षांची होती, वजन ११८ किलो, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. मधुमेह दहा वर्षांचा. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री तोंडावर मशीनचा मास्क. गुडघ्यांमुळे घरातला वरचा मजला तिने वर्षभर पाहिला नव्हता. ‘माझं नाव सोडून सगळं लिही,’ असं ती म्हणाली, म्हणून हे लिहिते आहे. नाव का नको, तेही पुढे कळेल.

‘शॉर्टकट’ची लाज

ताईने काय नव्हतं केलं? जीएम डाएट झालं, काढे झाले, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू झालं, लालबागच्या फेऱ्या झाल्या. दर वेळी दहा-बारा किलो उतरायचे आणि पंधरा परत यायचे. आपल्याकडे असं झालं की एकच निष्कर्ष निघतो, हिचा जिभेवर ताबा नाही. शरीर गमावलेलं वजन परत मिळवण्यासाठी भूक वाढवतं, ऊर्जेचा खर्च कमी करतं, हे आता विज्ञानाने चांगलंच दाखवून दिलंय. पण ते विज्ञान हळदीकुंकवाच्या घोळक्यापर्यंत अजून पोचलेलं नाही.

म्हणून ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने माहेरी आणि सासरी एकच सांगितलं, पित्ताशयाचं आहे. खरी गोष्ट भाऊजींना, सासूबाईंना आणि मला माहीत. ‘खाणं आवरता येत नाही म्हणून पोट कापून घेतलं,’ हे वाक्य तिला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं. आता या लपवाछपवीची गंमत पाहा. ज्या घडीला माणसाला सगळ्यात जास्त सोबत हवी असते, नेमकी त्याच घडीला तो आपल्या माणसांपासून तोंड लपवत असतो. मग बोलणार कुणाशी? जो त्याच वाटेने गेलाय त्याच्याशीच.

तिच्या हॉस्पिटलचा नियम असा होता की ऑपरेशनच्या आधी निदान एका बैठकीला यायचंच. ती नाराजीनेच गेली. परत आली ती पाठकोऱ्या कागदावर अकरा प्रश्न लिहून. त्यातला एकही प्रश्न तिने डॉक्टरांना विचारला नव्हता, कारण तो विचारायचा असतो हेच तिला माहीत नव्हतं.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. लायपोसक्शन म्हणजे कातडीखालची चरबी ओढून काढणं. ते आकार सुधारण्यासाठी असतं, लठ्ठपणाच्या आजारावरचा तो उपाय नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात याच बंगळुरूत चरबी काढण्याच्या अशा शस्त्रक्रियेनंतर अवघ्या २१ वर्षांच्या एका कन्नड मालिका-अभिनेत्रीचा मृत्यू झाला आणि घरोघरी दोन्ही गोष्टींची गल्लत झाली. ताईच्या सासूबाईंनी तर तेव्हाची बातमी लक्षात ठेवून ऑपरेशनला साफ नकार दिला होता.

वजनाचं ऑपरेशन, ज्याला डॉक्टर बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात, ते जठरावर होतं. सध्या मुख्य प्रकार दोन. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून नुसतं पोटच नव्हे तर भूकही लहान होते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी अंड्याएवढी छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. आज हे काम दुर्बिणीने, चार-पाच छोट्या छिद्रांतून होतं. ताईला मधुमेह आणि ॲसिडिटी दोन्ही असल्याने तिला बायपास सुचवला गेला.

आपल्याकडे हे ऑपरेशन लोकांच्या बोलण्यात आलं ते नितीन गडकरी यांच्यामुळे. २०११ मध्ये त्यांनी मुंबईत ते करून घेतलं आणि लपवलं नाही. २०१४ मध्ये अरुण जेटलींचं झालं. मग २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना खास विमानाने मुंबईला आणलं गेलं, तेव्हा टीव्हीवाले हॉस्पिटलच्या दारातच मुक्कामाला होते. त्यांच्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला नेलं आणि सप्टेंबरात तिथेच त्या गेल्या. त्यांना इतरही गंभीर आजार होते. पण ‘ऑपरेशन केलं आणि सगळं संपलं’ असं या वाटेवर नसतं, एवढं त्या बातम्यांमधून तरी दिसलं.

कुणी करावं? सरसकट कुणीही नाही. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो बीएमआय काढतात तो भारतीयांसाठी ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह-रक्तदाबासारखे आजार असतील तर ३२.५ च्या वर असावा, असं २००९ मध्ये आपल्याकडच्या तज्ज्ञांनी एकमताने सुचवलं होतं. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही रेषा आणखी खाली, २७.५ पर्यंत आणली. ताईचा बीएमआय होता ४८ च्या घरात. विम्याची रेषा मात्र वेगळी आहे. विमा नियामकाच्या नियमांनुसार वय १८ च्या पुढे आणि बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ च्या वर असून जोडीला आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार असेल आणि बाकीचे उपाय थकले असतील, तरच दावा उभा राहतो. कागदपत्रं कशी लावायची, आधी मंजुरी कशी घ्यायची, हे ताईला विमा एजंटाने नव्हे, बैठकीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी शिकवलं.

चमचा लहान, वाटी लहान

खरी शाळा भरते ती ऑपरेशन झाल्यावर. हॉस्पिटलमधून घरी येताना छापील आहारपत्रक मिळतं. पहिले दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, मग साधं. पत्रक बरोबरच असतं. पण पत्रकात ‘सूप’ लिहिलेलं असतं आणि घरात सासूबाईंनी प्रेमाने केलेली रव्याची खीर असते!

बैठकीतल्या बायकांनी ताईला पहिली गोष्ट सांगितली ती भांड्यांची. घरातली जेवणाची ताटं बाजूला ठेव. लहान मुलांची वाटी आणि श्रीखंडाचा छोटा चमचा काढ. मोठ्या ताटात दोन चमचे वरण वाढलं की मन रडतं, त्याच वरणाने छोटी वाटी भरली की मन समजतं. प्रत्येक घास पेस्ट होईपर्यंत चावायचा आणि चमचा खाली ठेवूनच पुढचा घास. जेवताना पाणी प्यायचं नाही, त्यानंतर अर्धा तास थांबायचं. आपल्यासारख्या घासागणिक पाणी पिणाऱ्यांना हीच शिक्षा सर्वांत जड जाते. मग दिवसाचं पाणी प्यायचं कधी? मधल्या सगळ्या वेळात, घोट-घोट, बाटली हाताशी ठेवून.

काय चालतं आणि काय अडकतं, याचं ज्ञान तर पुस्तकात शोधून सापडणार नाही. मऊ गरम इडली सांबारात मुरवली की उतरते. तीच इडली थंड झाली की घशाखाली दगड. कोरडी चपाती अनेकांना महिनोन्महिने अडकते, आदल्या दिवशीचा भात तर हमखास. नाचणीची पातळ आंबील बहुतेकांना सोसते, नाचणीचा मुद्दा मात्र घाईने गिळायची चीज असल्याने नाही. साबुदाणा खिचडीचा विषय ताईनेच काढला, तेव्हा समोरच्या दोन मराठी बायकांनी एकदमच माना हलवल्या. उपास मोडला तरी चालेल पण साबुदाणा नको!

प्रथिनं हा शाकाहारी घरांचा मोठा प्रश्न. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि पोट तर मूठभरही नाही. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात. १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८. हिशेब जुळेना, तेव्हा कुणीतरी तिला दह्याचा चक्का आणि त्यात डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पावडर कालवायला शिकवलं. वरून जिरेपूड. ताई त्याला ‘माझं श्रीखंड’ म्हणते. जेवणाची सुरुवात प्रथिनांनी करायची, भाजी मग, भात-पोळीला जागा उरली तर. आपल्या ताटाची डावी-उजवी बाजूच उलटी करायची म्हणा ना.

या शहराने तिला आणखी एक सोय दिली. बंगळुरूच्या दर्शिनी हॉटेलात ‘बाय-टू’ मागायची जुनी पद्धत आहे. एक कॉफी, दोघांत अर्धी-अर्धी. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ‘पुण्यात असं अर्धं मागितलं असतं तर मालकाने पाटी लावली असती,’ ताई म्हणते. इथे ती भाऊजींबरोबर जाते, बाय-टू मागते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त कॉफी आणि लोहाची गोळी एकत्र नको. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नको, मध्ये दोन तास हवेत. या गोळ्या, शिवाय बी-ट्वेल्व्ह, डी आणि बाकी जीवनसत्त्वं आयुष्यभर घ्यायची असतात आणि रक्ताची तपासणीही आयुष्यभर. बैठकीत जो सहा महिने दिसत नाही, त्याने बहुधा गोळ्याही सोडलेल्या असतात, असं तिथली जुनी मंडळी सांगतात.

त्या रात्रीचा फोन

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते.

सहाव्या आठवड्यात ताईला उलट्या सुरू झाल्या. आधी दिवसातून एक-दोन, मग काहीही घेतलं की. पाणीसुद्धा. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, पोट लहान झालंय, असं होणारच. सासूबाईंनी ओवा दिला, आलं-लिंबू दिलं. भाऊजी फिरतीवर होते. ताई स्वतःही म्हणत होती, मीच घाई करत असेन खाताना. शॉर्टकटची लाज अशी असते की त्रास झाला तरी माणूस स्वतःलाच आरोपी करतो. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी शेजाऱ्यांनी सुचवलं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजची एक बाटली लावून घ्या, तरतरी येईल.

त्या रात्री बैठकीतल्या एका बाईंचा सहज फोन आला. बँकेत नोकरी करणाऱ्या, चार वर्षांपूर्वी बायपास झालेल्या. नवीन माणसाला अधूनमधून फोन करायचा, असं त्यांनी आपसात वाटून घेतलंय. उलट्यांचं ऐकताच त्यांचा आवाज बदलला. किती दिवस? लघवी किती वेळा, रंग कसा? पायाला मुंग्या येतात? चालताना तोल जातो? समोरचं दोन-दोन दिसतं? ताईच्या पायाला दोन दिवसांपासून मुंग्या येत होत्या. तिला वाटलं होतं, झोपून राहिल्यामुळे.

‘आत्ता निघा. कोपऱ्यावर नाही, आपल्या हॉस्पिटलमध्ये. आणि बाटली लावायच्या आधी सांगा, माझा बायपास झालाय, दहा दिवस उलट्या होताहेत, बी-वन द्या.’

बी-वन म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. सतत उलट्या झाल्या की तो संपतो, आणि तो संपला की नसांवर, मेंदूवर परिणाम होतो. तोल, नजर, स्मरणशक्ती, सगळ्यावर. काही वेळा झालेलं नुकसान भरून येत नाही. त्यात थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलासुरला साठाही झपाट्याने खर्ची पडतो आणि माणूस जास्त बिघडतो. तरतरी आणणारी ती बाटली ताईला काय करून गेली असती, या विचाराने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

रात्री साडेअकराला रिक्षाने ती आणि सासूबाई हॉस्पिटलला गेल्या. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग सलाइन. सकाळी दुर्बीण घालून पाहिलं तर पिशवी आणि आतड्याच्या जोडावरचं तोंड आवळलं गेलं होतं. बायपासनंतर काही जणांमध्ये असं होतं. दुर्बिणीतूनच छोटा फुगा फुगवून ते रुंद केलं. तिसऱ्या दिवशी ताई घरी आली. मुंग्या जायला चार महिने लागले.

डॉक्टरांनी हे आधी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. डिस्चार्जच्या कागदावर ‘सतत उलट्या झाल्यास त्वरित संपर्क साधा’ असं छापलेलंही होतं. ताप, पोटात किंवा खांद्यात दुखणं, छातीत धडधड, धाप, पोटरीला सूज, हेही त्यात होतं. पण ‘सतत’ म्हणजे किती, हे घाबरलेल्या माणसाला कागद सांगत नाही.

सोबतीची हद्द

म्हणून अशा सोबतीचं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. त्याच बैठकीत एका गृहस्थांनी ठणकावून सांगितलेलं मी ऐकलं की ऑपरेशन झालं की डायबिटीसच्या गोळ्या कचऱ्यात टाका. मधुमेह अनेकांचा खरंच झपाट्याने उतरतो, काहींचा औषधाशिवाय आटोक्यात राहतो. पण कोणतं औषध कधी आणि किती कमी करायचं, हे साखर मोजून डॉक्टरनेच ठरवायचं. आधीचाच डोस चालू ठेवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते आणि आपल्या मनाने बंद केला तर वर. गुडघेदुखीवर ‘मी अमुक गोळी घेतो’ हा सल्लाही असाच. बायपासनंतर नेहमीच्या काही वेदनाशामक गोळ्यांनी जोडावर अल्सर होतो. आहारतज्ज्ञ बाई तेव्हा मध्ये पडल्या, हे बरं झालं. बैठकीत निदान एक जाणकार माणूस बसलेला हवा तो यासाठी.

आणि एक. बैठका हॉस्पिटलं भरवतात, तेव्हा त्यांचा धंदाही त्यात असतोच. जुनी भली मोठी पँट हातात धरून उभे असलेले फोटो भिंतीवर लावलेले असतात. आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेला हसरा तरुण तुम्हाला पहिल्यांदा भेटवतात. त्याला जरूर भेटा. मग विचारा, पाच वर्षं झालेलं कुणी आहे का? वजन परत वाढलेलं कुणी आहे का? ज्या बैठकीत असा माणूस पुढच्या रांगेत बसायला लाजत नाही, ती बैठक चांगली.

ताईच्या बैठकीत असे एक काका आहेत. सहा वर्षांपूर्वी स्लीव्ह. ४८ किलो उतरले, त्यातले २२ परत आले. ते स्वतःच सांगतात, जेवण लहानच राहिलं, पण मधलं चरणं सुरू झालं. मिक्श्चरची मूठ, मैसूरपाकाचा तुकडा, संध्याकाळचा मिल्कशेक. विरघळणाऱ्या गोष्टींना लहान पोट अडवत नाही. बायपासवाल्यांना गोडाने निदान घाम फुटतो, धडधड होते, जुलाब होतात. डॉक्टर त्याला डंपिंग म्हणतात आणि ताई ‘देवाने ठेवलेला पहारेकरी’ म्हणते. पण तोही सगळ्यांना लाभत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लोकांवर चाललेल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसलं. पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली जातं, मग काहीसं वर चढतं. तरीही ऑपरेशन न केलेल्यांच्या तुलनेत ते बरंच खाली राहतं आणि मृत्यूचं प्रमाणही कमी होतं. काकांचा मधुमेह अजून आटोक्यात आहे. तो हिशेब मात्र त्यांच्या नातेवाइकांच्या लक्षात राहत नाही.

आरशातली अनोळखी बाई

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात. ताईच्या फणीत पुंजके यायचे, तेव्हा ती फोनवर रडायची. बैठकीतल्या तीन बायकांनी आपापले पुन्हा उगवलेले केस तिला दाखवले, तो दिलासा कुठल्या तेलाच्या बाटलीत नाही. लोंबणाऱ्या कातडीचं तसं नाही. दंड, पोट, मांड्या, ती उरतेच, आणि ती काढायची तर वेगळी शस्त्रक्रिया आणि वेगळा खर्च. हे आधी कुणी सांगितलं तर माणूस तयारी ठेवतो.

बायकांचं वेगळं अर्धा तास बोलणं होतं. पुरुष तेवढ्यात बाहेर ताक पितात. वजन उतरलं की अनियमित पाळी सुधारते आणि वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ अचानक राहू शकतो. पण पहिले बारा ते अठरा महिने गर्भारपण टाळायचं असतं, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. हे पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये कोण विचारणार? नवऱ्यांविषयीही तिथेच बोललं जातं. बायको बारीक झाल्यावर आनंदी होण्याऐवजी संशयी झालेले नवरे आहेत. भाऊजी तसे नाहीत, पण त्यांच्यासमोर एकट्याने भजी खाताना त्यांना चोरट्यासारखं वाटतं, हे त्यांनी कबूल केलं.

पुरुषांच्या बाजूचा अवघड विषय दारूचा. बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार चढते. पहिल्या वर्षी जपलेली माणसं दुसऱ्या वर्षापासून घसरतात, असं अमेरिकेतल्या पाहणीत आढळलं आहे. खाणं हा ज्याचा आधार होता, त्याचा आधार काढून घेतला की मन दुसरं काही शोधतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासाने दोन्ही बाजू दाखवल्या. बायपास केलेल्यांत एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी, मधुमेहाचे तर फारच कमी, पण अपघात आणि आत्महत्या यांसारखे आजाराव्यतिरिक्तचे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त. म्हणून बैठकीत कुणी गप्प गप्प राहायला लागलं की जुनी माणसं त्याला एकटं सोडत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत सोबत जातात. बैठकांना नियमित येणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. आता जो मुळातच नेटाचा आहे तोच नेमाने येत असेल, ही शंका त्यात उरतेच. पण ताईच्या बाबतीत माझी शंका त्या रात्री साडेअकरालाच मिटली.

ताई आज ७९ किलोंवर आहे. मास्क गेला. मधुमेहाची एकच गोळी उरली आहे. रविवारी सकाळी लालबागेतल्या त्या पुरातन खडकावर ती कुठेही न थांबता चढली, मी धापा टाकत मागे. माहेरच्यांना अजूनही वाटतं, पित्ताशय काढल्यावर माणूस बारीक होतो! खरं सांगून टाक म्हणून मी मागे लागले, तर म्हणाली, ‘सांगेन गं. आई विचारेल तेव्हा.’

तिच्या फ्रीजवर आता पाच नावांचा कागद चिकटवलेला असतो. नव्याने ऑपरेशन झालेले पाच जण. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की ती फोन घेऊन बसते. मी निघायच्या आदल्या दिवशी त्या लग्नवाल्या बाईंचाच फोन आला. ताईची कानडी मोडकी, त्यांची हिंदी मोडकी. लग्न छान झालं म्हणाल्या. तीन पंगती वाढल्या, कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. फक्त नवरीच्या आत्याने नंतर हात धरून कोपऱ्यात नेलं आणि हळूच विचारलं, कुठे केलंस? माझंही वजन १२० आहे. तिला डॉक्टरांचा नंबर देऊन टाकू का?

‘द्या,’ ताई म्हणाली. ‘पण आधी शनिवारी तिला इकडे घेऊन या.’